आमटीचं कौतुक

कचेरीच्या कामाला सांगलीला गेलेल्या कारकुनानं काम उरकून गाडी धरावी की नाही? पण गंगाधरपंतांच्या गाडीला दोन तास अवकाश होता, वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि समोरच्या वाचनालयात सावलीत खुर्च्या मांडलेल्या होत्या. पंत जाऊन बसले. (ज्ञान मिळवायला म्हणून त्यांनी आयुष्यात पाऊल उचललेलं नव्हतं, हे आधीच सांगून टाकतो.) थोड्या वेळानं कळलं की, तिथं एका प्रोफेसरांचं व्याख्यान आहे आणि विषय आहे, 'दांपत्यप्रेम का टिकते? मानसशास्त्राचा निर्वाळा.'

निर्वाळा कसला, नुसता गोंधळ! एका पंडिताचं म्हणणं, नवराबायकोचे स्वभाव जुळले की प्रेम टिकतं. दुसऱ्याचं म्हणणं, अजिबात न जुळले तरच टिकतं. पंत दोन्हींना मान डोलवत होते. तेवढ्यात प्रोफेसरांनी टेबलावर मूठ आपटली.

"ज्या घरात पती पत्नीचं कौतुक करीत नाही, तिथलं प्रेम केव्हाच संपलेलं असतं. उरते ती सवय. त्या दोघांना अजून कोणी कळवलेलं नसतं, इतकंच!"

पंतांची डोलणारी मान थांबली. गाडीत बसून साताऱ्याला येईपर्यंत त्यांनी आठ वर्षांचा संसार आठवून पाहिला. 'पाणी तापलंय.' 'पानं घेतलीत.' 'छत्री विसरलात.' चारुशीलेच्या तोंडून आणखी काही ऐकल्याचं त्यांना आठवेना. आणि आपण काय बोललो? 'हूं.' पंत मनातून फार घाबरले. आपलं संपलंय आणि आपल्याला पत्ताच नाही!

दुसऱ्या दिवशी पानावर बसल्या बसल्या त्यांनी सुरुवात केली.

"अगं, काय आमटी झालीय!"

"काय झालंय आमटीला?"

"चांगली झालीय."

चारुशीलेनं आमटी चाखून पाहिली. मग पंतांच्या कपाळाला हात लावून पाहिला. "अंग तर गरम नाही," ती पुटपुटली.

पंत हटले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी चहाची तारीफ केली. तिसऱ्या दिवशी 'कोणतं धोतर नेसू, तूच सांग' म्हणाले. (धोतरं दोनच, त्यातलं एक वाळत होतं.) आणि चौथ्या दिवशी तर कमाल केली. पेठेतल्या हौदावर गेले आणि चारुशीलेच्या हातातली भरलेली घागर घेऊन, अर्धी स्वतःच्या अंगावर सांडत, घरापर्यंत आणली. शेजारच्या साळूबाईचा नवरा लढाईवर होता. ती बिचारी धुणं धूत होती. "आगं बया!" म्हणून तिनं तोंडाला पदरच लावला.

त्या दिवसापासून घराचा रंगच पालटला. पंतांच्या पानात रोज शिरा पडू लागला, आणि तोही तुपानं थबथबलेला. चारुशीला वाढता वाढता त्यांच्याकडे बघत राही, मध्येच डोळे पुसून आत जाई. पंत खूश! 'वा रे प्रोफेसर!' पण पुढचं त्यांना उमगेना. ऐन वैशाखात तिनं त्यांची लोकरीची बंडी रफू करायला घेतली. डबाभर लाडू वळले आणि 'महिनाभर टिकतील' असं स्वतःशीच म्हणाली. एक दिवस हट्टानं फोटोग्राफरकडे घेऊन गेली.

"दोघांचा काढूया की," पंत लाजून म्हणाले.

"नको. तुमचा एकट्याचाच हवा," असं म्हणून ती हुंदके द्यायला लागली.

हे कुठल्या पंडिताच्या मतात बसतं, ते पंतांना काही केल्या कळेना. रविवारी सकाळी दारात नाथाजी सुभेदार येऊन उभे राहिले. हे पेन्शनीत निघालेले, पण लढाई सुरू झाल्यापासून गावातल्या माणसांना भरतीला नेण्याचं काम करीत. मागं साळूबाई आणि दाराआड चारुशीला.

"पंत, तुमी पलटणीत भरती झालाय व्हय?"

"मी? पलटणीत?"

"आता लपवू नका," चारुशीला रडत म्हणाली. "मला साळूबाईंनी सगळं सांगितलंय."

"व्हय की!" साळूबाई म्हणाली. "आमचं धनी जायच्या आदी आट दिस असंच ग्वाड बोलत व्हतं. कालवण चांगलं, भाकरी चांगली. घागर बी उचलली. नवव्या दिशी गेलं! पेठंतला हरेक बाप्या तसाच गेला. उगंच कोन बायकूला चांगलं म्हनंल?"

"अहो, मी भरती नाही झालो!" पंत ओरडले. "मी प्रेम करत होतो!"

सगळ्या पेठेनं ऐकलं. "अगबाई, दारात काय बोलताय हे!" म्हणत चारुशीला लाजेनं आत पळाली.

"मंग ह्यो अर्ज कशाचा?" सुभेदारांनी खिशातून कागद काढला. चारुशीलेचंच अक्षर होतं. सुभेदार मोठ्यानं वाचू लागले.

"'यांना कृपा करून घेऊ नये. चष्म्यावाचून यांना समोरचा माणूस ओळखू येत नाही. झुरळ दिसल्यास पाटावर चढतात. सदऱ्याची गुंडी नेहमी चुकीच्या काजात घालतात, ती मी बदलते. उजवा गुडघा पावसात दुखतो, पण सांगत नाहीत. यांना एकट्यानं राहता यायचं नाही. आणि मलाही.'"

पंत आतल्या दाराकडे बघत राहिले. आठ वर्षांत हिनं आपल्याला किती पाहिलं होतं! त्या प्रोफेसराला आता इथं उभं करावं, असं त्यांना वाटलं. सुभेदारांनी कागदाची घडी करून तो त्यांच्या हातात दिला आणि आतल्या बाजूला तोंड करून म्हणाले, "वैनी, अर्जाचा तरास उगं घेतला बगा. पंत सोता पाया पडत आलं असतं, तरी आमी घेतलं नसतं."

संध्याकाळी पंत आनंदानं पाटावर बसले. पानात भात होता, आमटी होती, कोपऱ्यात लोणचं होतं. त्यांनी पानावरून दोनदा नजर फिरवली.

"अगं, शिरा?"

"तो पलटणीत जाणाऱ्याचा होता," चारुशीला भातावर आमटी वाढत म्हणाली. "जेवा आता मुकाट्यानं. आणि गुंडी चुकलीय."