विहिरीकडच्या रानाची सनद

वहीचं डावं पान कोरं सोडायचं, ही गोष्ट सिद्धारामला पहिल्या दिवसापासूनच संशयास्पद वाटत होती. तो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात एकोणीस वर्षं कारकून. एवढ्या वर्षांत त्यानं कुठल्या रजिस्टरात बोटभर जागा मोकळी सोडली नव्हती. मोकळ्या जागेत मागाहून कोण काय घुसडेल सांगता येत नाही, हा त्याचा अनुभव. (घुसडणारा बहुतेक वेळा तोच असायचा, पण तो भाग वेगळा.)

"पप्पा, ही इतिहासाची संवादी वही आहे," सातवीतल्या महेश्वरीनं समजावलं. "उजव्या पानावर बाई सांगतात ते लिहायचं. डाव्या पानावर आपलं डोकं चालवायचं."

"आणि डोकं नसलं तर?"

"तर पान कोरं राहतं."

हे आपल्याला उद्देशून तर नाही ना, असा सिद्धारामला दाट संशय आला.

त्या रविवारी डाव्या पानासाठी बाईंनी काम दिलं होतं: इतिहासाचं एक लिखित साधन स्वतः बनवा. आपल्या गावाचं, घरच्या माणसांचं नाव वापरा. कागद जुना दिसला पाहिजे. महेश्वरी सकाळी चित्रकलेच्या क्लासला गेली आणि सिद्धारामनं ठरवलं, आपण थोडीशी मदत करू. (त्याच्या थोड्याशा मदतीनं या घरात आजवर मिक्सर, इस्त्री आणि मेहुणीचं जमलेलं लग्न एवढं बिघडलं होतं.)

त्यानं कागद चहात बुडवला. गॅसवर कडा जाळल्या, त्यात उजवी भुवई थोडी गेली. बामच्या डबीचं झाकण लाल शाईत बुडवून शिक्का मारला. कुठल्याशा राजानं वळसंगचं विहिरीकडचं रान इनाम दिल्याची सनद तयार झाली. आता इनाम द्यायचं कुणाला? त्यानं क्षणभर विचार केला. फुकट मिळतंय तर दुसऱ्याला कशाला? त्यानं लिहिलं, 'सिद्धाराम यांस'.

विहिरीकडचं रान खरोखरच होतं. वडील गेल्यापासून ते थोरला भाऊ शिवप्पा कसत होता. दोघा भावांत वाटणी झाली नव्हती, कागदावर एक ओळ नव्हती. सगळं शब्दावर चाललं होतं, आणि शब्द अजून कुणी मोडला नव्हता.

"सनद चहात बुडाली, आता मी काय पिऊ?" बायको वैजयंती म्हणाली. सिद्धारामनं सनद गच्चीवर दोरीला चिमट्यात अडकवली आणि आंघोळीला गेला.

नेमका तेवढ्यात शिवप्पा वळसंगहून शेंगांची पिशवी घेऊन आला. हातपाय धुतले, ओला पंचा वाळत घालायला गच्चीवर गेला. खाली आला तो तोंड पाडून.

"अण्णा, बसा की. चहा टाकते," वैजयंती म्हणाली.

"ब्याड, ब्याड." शिवप्पा कानडीत नको म्हणाला म्हणजे प्रकरण गंभीर. "आता मला सगळं कळलंय." आणि तो गेला. शेंगांची पिशवी ठेवली, पण ठेवताना दोनदा विचार केला.

सिद्धाराम गच्चीवर आला तर दोरीवर टॉवेल होते, सनद नव्हती. त्यानं प्रथम वाऱ्यावर संशय घेतला, मग कावळ्यावर, मग खालच्या फुलाबाईंवर, कारण त्यांची नात महेश्वरीच्याच वर्गात.

"पुरावा काय?" क्लासहून आलेल्या महेश्वरीनं विचारलं.

"फुलाबाई माझ्याकडं बघून हसल्या."

"पप्पा, तुमची एक भुवई गायब आहे. सगळेच हसणार."

सोमवारी डावं पान कोरंच शाळेत गेलं. बाईंनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. मंगळवारी वळसंगहून फोन आला.

"गुरवारी ये," शिवप्पाचा आवाज एकदम कोरडा. "पंच बसनार हायत. हिरीकडच्या रानाचं."

"का? काय झालं, अण्णा?"

"तुला ठावं हाय की." फोन बंद.

वैजयंतीनं सांगितलेलं ते चहा नको म्हणणं, तोंड पाडून जाणं, सगळ्याची सिद्धारामला संगती लागली. अण्णानं रान परस्पर विकलं! वैजयंती म्हणाली, "ते तसे नाहीत हो." पण संशय एकदा आत शिरला की पाहुण्यासारखा सतरंजीच मागतो. बुधवारी कारखान्यात त्यानं एका चलनावर टॉवेलच्या जागी 'विहीर, नग एक' असं लिहिलं. रान गेल्याचं दुःख होतंच, पण अण्णानं आपल्याला विचारलं नाही, हे त्याला जास्त लागलं होतं.

गुरुवारी शाळेला सुट्टी होती. गावात एखादं खरं जुनं साधन मिळेल म्हणून महेश्वरी वही घेऊन बाइकवर मागं बसली.

शिवप्पाच्या ओसरीवर पंच बसले होते. मधोमध म्हातारे तिप्पण्णा, ज्यांनी गावातल्या निम्म्या वाटण्या केल्या होत्या आणि उरलेल्या निम्म्या मोडल्या होत्या. शिवप्पानं खिशातून घडी काढली.

"हे बगा माज्या भावाचं काम! लहानपनी खांद्यावर बसवून शाळंत न्हेला, त्यानं माज्या मागारी कागद करून ठेवला."

सिद्धाराम सनदेकडं बघतच राहिला. त्याला बोलायचं होतं, पण शिवप्पानं दुसरी घडी काढली.

"कागद काय त्याच्याकडंच हाय व्हय? आमच्याकडंबी हाय. पणजोबाच्या काळातला!"

हा कागद पहिल्यापेक्षा पिवळा होता. तिप्पण्णांनी दोन्ही कागद उन्हाकडं धरले, उलटे धरले, मान हलवली. "दोनी लई जुनं दिसत्यात."

"आजोबा, मी बघू?" महेश्वरी पुढं झाली. तिनं वहीचं उजवं पान उघडलं. "बाईंनी दिलंय, साधन खरं की बनावट ते कसं ओळखायचं." मग तिनं पहिला कागद हुंगला. "चहा. आलं घातलेला. वर 'विषय' आणि 'संदर्भ' लिहिलंय. आणि खाली राजानं सही केलीय, 'आपला विश्वासू'." तिनं वर बघितलं. "पप्पा, हा माझा गृहपाठ आहे ना?"

सिद्धारामनं मान डोलावली.

तिनं दुसरा कागद हुंगला. "दोड्डप्पा," ती थोरल्या काकांना कानडीतच हाक मारायची, "याला हळदीचा वास येतोय. आणि पणजोबांच्या काळात पिनकोड होता?"

आतून शिवप्पाची बायको सुंदरम्मा कडाडली, "म्हंजे हळदीचा डबा तुमी न्हेला व्हय! दोन दिस मी मांजराला शिव्या देतीया!"

शिवप्पा खाली बसला. "आरं, तुजं नाव वाचलं आन् माजं डोस्कंच फिरलं. तू लिवलंस म्हनून मी लिवलं. एकदा तोंडानं म्हनायचं हुतं, अण्णा, मला रान पायजे. मी न्हाय म्हनलो असतो काय?"

सिद्धारामला भरून आलं. शिवाय लाजही वाटली, कारण खोटं का होईना, त्या कागदावर स्वतःचं नाव त्यानंच घातलं होतं. "अण्णा, तूबी मला इचारायला पायजे हुतं. तीन दिस मी समजत हुतो, तू रान इकलंस."

"मी? हिरीकडचं रान?" शिवप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यातच हसूही आलं, आणि मग दोघं भाऊ एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून लहानपणीसारखे खिदळले.

सुंदरम्मानं सगळ्यांना भाकरी, शेंगाचटणी आणि (हळद नसल्यानं) पांढरी आमटी वाढली. जेवताना ठरलं, विहीर दोघांची, रान निम्मं निम्मं, कसायचं मात्र शिवप्पानं. "आता हे लिवूनच ठिवा," तिप्पण्णा म्हणाले. सिद्धारामनं तत्परतेनं खिशातलं पेन काढलं.

"पेन खाली ठेव," तिप्पण्णा म्हणाले. "तुमी दोगंबी नगं. पोरगी लिवंल."

महेश्वरीनं उजव्या पानावर सगळं नीट लिहिलं, तारीख घातली, पंचांच्या सह्या घेतल्या. डाव्या पानावर दोन्ही सनदा चिकटवल्या आणि खाली काहीतरी लिहून वही मिटली.

शनिवारी वही तपासून आली. सिद्धारामनं डावं पान उघडलं. तिथं होतं: 'माझे मत : वडील व काका ही दोन्ही साधने अविश्वसनीय आहेत. मात्र त्यांचे एकमेकांवर प्रेम असल्याचा पुरावा मिळतो.' खाली बाईंचा लाल शेरा: 'अगदी बरोबर! पालकांनी वाचून सही करावी.'

सिद्धारामनं मुकाट्यानं सही केली. महेश्वरीनं ती शाळेच्या डायरीतल्या जुन्या सहीशेजारी धरली, एक डोळा मिटून बराच वेळ बघितली.

"जुळतेय," ती म्हणाली. "तरी मम्मीचीपण घेते."