अंधार मागणारा सोपान

गौरी विसर्जनाची संध्याकाळ, घाटनांदूर. हजर: गणेश मंडळाची पोरं, गोदामाचे मालक तात्या, मी, शेजारचा सोपान आणि खुर्चीवर त्याची माय. गैरहजर: गल्लीतले सगळे दिवे. ते सोपानने बंद करायला लावले होते.

लोक शेजारी विरजण मागतात. सोपान अंधार मागतो. "ताई, जरा अंधार द्या की. तुमचा बल्ब माझं चित्र खातोय." गडी चाळिशीचा. कॉम्प्युटरवर चित्रं काढतो आणि प्रोजेक्टरने भिंतीवर सोडतो. रंगाचा डबा दिसला की तोंड वाकडं. "रंग बसून ऱ्हातो ओ. उजेड चालतो."

त्या दिवशी गोदामाच्या लांबलचक भिंतीवर त्याची मेंढरं चालणार होती. पावसाळाभर खपून त्याने एकेक काढलं होतं. बटण दाबणार, तोच तात्या म्हणाले, "आधी माझा फोटो. हात जोडलेला. खाली शुभेच्छा."

"न्हाई."

"कावून न्हाई बे? भिंत कुणाची हाय?"

"भिंत तुमची. उजेड माझा."

"मग ने तुझा उजेड घरी!"

सोपानने खरंच प्रोजेक्टर काखेत मारला. पोरं फिदीफिदी हसली.

"अरे, एक फोटो लावला असता तर काय बिघडत होतं?" मी विचारलं.

"मायला माणसाचं तोंड कळत न्हाई आता. माझंबी न्हाई. निस्ता हालता उजेड कळतो. तात्या हालतेत व्हय फोटोत? नजर गेली तवा तिचा कळप इकला आमी. तवापून इचारती, मेंढरं कुठंयत."

माझ्या कंपाउंडची भिंत नुकतीच पांढरी करून घेतली होती. वर ठळक सूचना: 'येथे काहीही लावू नये.' मी मायची खुर्ची तिकडे वळवली.

"ताई, तुमीबी?" तात्या ओरडले.

"भिंत माझी आहे, तात्या."

सोपानने प्रोजेक्टर तिकडे रोखला आणि मेंढरं सूचना तुडवत निघाली. माय पुढे वाकली आणि तिने रानात घालायची तशी हाळी घातली, "हुर्र, हुर्र!" मंडळाची पोरं वाटेतून बाजूला सरली.

शेवटचं मेंढरू गेलं, तरी माय उठेना. "काळी मेंढी कुठंय रं?"

सोपान खुर्चीजवळ वाकला. मग हळूच म्हणाला, "काढलीय माय. पन काळा उजेड नसतो. भिंतीवर उमटंना."

"मागं राह्यली आसंल. थांबू की मग."

सोपान सध्या चित्रातलं सगळं रान उजळवतोय, म्हणजे त्यातून जाणारं काळं मायला कळेल. रान बरंचसं झालं आहे. काळी अजून यायची आहे.