चंद्रावर विसरलेला नवरा

डॉक्टर जे बोलतील त्याच्या बरोबर उलट बोलायचं, एवढा साधा बेत किल्लीवाल्यांनी केला होता. त्यात चुकण्यासारखं काही नव्हतं.

डॉक्टर म्हणजे दातांचे. ते वाचनमंडळात आले आणि किल्लीवाल्यांच्या घरी रोज जेवताना त्यांचं कौतुक सुरू झालं. "डॉक्टर किती बारकाईनं वाचतात," बायको म्हणायची. किल्लीवाले गावभरच्या कुलपांना किल्ल्या करून देत, त्यात काय बारकाई नव्हती? त्यांच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मंडळाची एक पद्धत होती. कुणा सभासदानं लिहिलेली गोष्ट नाव न घालता सगळ्यांना वाटायची, तिच्यावर चर्चा करायची आणि मग लेखकानं हात वर करायचा. या वेळचा विषय होता विज्ञानकथांमधले ठरीव साचे. यानात बाई नुसती किंचाळायला आणि काळासावळा माणूस पहिल्याच पानावर मरायला का असतो?

वाटलेली गोष्ट वाचून किल्लीवाल्यांची झोप उडाली. यानाची कॅप्टन एक बाई होती. सावळी, हनुवटीवर तीळ, काम करताना गुणगुणणारी. ही तर त्यांचीच बायको! आणि कॅप्टनचा नवरा? यान पेटलं तरी "अगं, माझे मोजे कुठंयत?" असं विचारणारा. ती त्याला एका चंद्रावर विसरते आणि गोष्ट तिथंच थांबते. हे कुणाचं काम, ते सांगायला ज्योतिषी नको होता.

सभेत डॉक्टर आधी उठले. "कॅप्टन मला फार आवडली. सावळी बाई हुकूम सोडते आणि शेवटपर्यंत जिवंत राहते. पण नवऱ्यावर अन्याय झालाय. बाईचा साचा मोडताना पुरुषाचा नवा साचा केलाय. इतका बावळट माणूस खरा असतो का?"

किल्लीवाले अगदी हेच बोलणार होते. पण ते डॉक्टरांनी आधी बोलून टाकलं. आता बेत म्हणजे बेत.

"असतो," ते उठून म्हणाले. "असाच असतो."

"तुम्हाला अतिशयोक्ती वाटत नाही?" ग्रंथपालबाईंनी विचारलं.

"मुळीच नाही. उलट कमीच लिहिलंय. अशा माणसाचा चष्मा कपाळावर असतो आणि तो घर डोक्यावर घेतो. त्याला चंद्रावर सोडला हे फार बरं झालं."

"तुम्ही इतक्या खात्रीनं कसं सांगता?" डॉक्टर म्हणाले.

"जवळून बघितलंय," किल्लीवाले म्हणाले आणि छाती फुगवून खाली बसले.

"आता लेखकानं हात वर करावा," ग्रंथपालबाई म्हणाल्या.

किल्लीवाले डॉक्टरांकडे रोखून बघत राहिले. हात त्यांच्या शेजारच्या खुर्चीतून वर गेला.

"मला धाकधूक होती, नवरा जरा जास्तच झालाय की काय," बायको म्हणाली. "पण आता ह्यांनीच सांगितलं म्हटल्यावर काळजी मिटली."

सगळी खोली हसली. हसले नाहीत ते फक्त डॉक्टर. भल्या माणसानं किल्लीवाल्यांच्या खांद्यावर हात ठेवला, आणि तेच त्यांना सगळ्यात जास्त झोंबलं.

घरी जाताना किल्लीवाल्यांनी हळूच विचारलं, "अगं, तो काय चंद्रावरच राहतो?"

"शेवटचं पान अजून लिहायचंय," बायको म्हणाली. या वेळी तीही हसली नाही. किल्लीवाले मनातून खरोखर घाबरले.

"तू बस, लिही," घरात शिरताच ते म्हणाले. "चहा मी करतो."

ती कागद घेऊन बसली. त्यांनी एक कपाट उघडलं, मग दुसरं, मग पहिलंच पुन्हा. काही झालं तरी विचारायचं नाही, असं त्यांनी दात आवळून ठरवलं होतं. पातेल्यातलं पाणी आटत चाललं.

"अगं," शेवटी त्यांनी हाक मारली, "साखर कुठंय?"

बाहेरच्या खोलीतून पेनाचं टोपण उघडल्याचा आवाज आला.