स्वयंपाकघरात चार काड्या

आमच्या शेजारच्या सबनीसांकडे कलिंगडसुद्धा तीन दिवस 'विचाराधीन' असतं. दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी कचेरीत जन्मभर फायली हलवून ते निवृत्त झाले आणि आता द्वारकेच्या सोसायटीत माझ्या भिंतीपलीकडे एकटेच राहतात. "तपासून सादर करा" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. भाजीवाल्यालाही ते हिंदीत हेच सांगतात.

गेल्या हिवाळ्यात त्यांनी वायफायचा अ‍ॅक्सेस पॉइंट आणला. थालीपिठाएवढी चपटी, पांढरी डबी. घरातलं वायफाय स्वयंपाकघरापर्यंत पोचत नव्हतं, आणि त्यांना ते तिथेच हवं होतं. वहिनी गेल्यापासून मिरजेची त्यांची अक्का व्हिडिओवरून त्यांना स्वयंपाक शिकवत होती. पसंत नसल्यास डबी दहा दिवसांत परत करायची होती.

सबनीस रजिस्टर घेऊन हॉलमध्ये, आणि मी मोबाइलवर सिग्नलच्या काड्या मोजत खोल्याखोल्यांतून.

"देशमुख, बाथरूम?"

"तीन काड्या."

"दार लावून?"

"अहो, आत मी आहे."

"म्हणूनच विचारतोय. माणसानेही सिग्नल अडतो."

नवव्या संध्याकाळी माझे गुडघे बोलायला लागले. स्वयंपाकघराची पाळी आली तेव्हा मी पॅसेजमधूनच ओरडलो, "चार काड्या, बिल्कुल." डबी मंजूर झाली. फाइल बंद, माझं जाणंही बंद.

मग भिंतीपलीकडून करपलेल्या फोडणीचा वास येऊ लागला. रोज संध्याकाळी सातला. पाठोपाठ सबनीसांचा आवाज, "अक्का, हलत का नाहीस? मोहरीनंतर काय?"

तीन महिने मी खिडकी लावून घेत राहिलो. परवा मात्र गेलो आणि सांगून टाकलं, "सबनीस, त्या चार काड्या खोट्या होत्या. मी आत गेलोच नव्हतो."

त्यांनी शांतपणे रजिस्टर काढलं. माझ्या आकड्यापुढे पेन्सिलीने शेरा होता : 'पावलांचा आवाज आला नाही. देशमुख दमले आहेत. आग्रह करू नये.'

"अहो, मग डबी पॅसेजमध्ये सरकवायची. तेवढ्यानं भागलं असतं."

"भागलं असतं. पण नोंद तुमची. तुमच्या गैरहजेरीत खोडणार कशी? म्हटलं, याल कधीतरी."

मी मोबाइल काढून आत गेलो आणि गॅसपाशी उभा राहिलो.

"एक काडी," मी म्हणालो.

"नोंदवली," हॉलमधून आवाज आला. "डबी आजच नको हलवायला. उद्या सातला पुन्हा बघू."