गजगामिनी व्हॅनीने कॉलेज गाठले त्याची हकीकत

श्री. ज्याच्या वाटेतली विघ्ने आपण होऊन बाजूस सरतात त्या गणरायास नमन करून, आणि वाटेतले खड्डे, जे आपण होऊन बाजूस सरत नाहीत, त्यांसही दोन हात जोडून, ही हकीकत लिहिण्यास घेतली. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, ज्येष्ठ मास उतरणीस लागला असता वर्तमान ऐसे जे, ब्रास बँडाचे राज्यावर हिंदुराव मास्तर वायदंडे सुखेकरून नांदत होते. राज्य लहान, परंतु आवाज मोठा. फौजेत क्लॅरनेट, ट्रंपेट, ढोल, ताशे, आणि खुळखुळा वाजवणारे तुकाआण्णा नामे एक वृद्ध मुत्सद्दी, ज्यांस ऐकू कमी येई परंतु सल्ला देण्यास त्याची अडचण कधी पडली नाही. मास्तर खासा ट्रंपेट फुंकीत, आणि सोनेरी गोंड्यांचा लाल कोट घालून वरातीपुढे उभे राहिले म्हणजे नवरदेव कोणता असा पाहुण्यांस संशय पडे. आणि या दौलतीचा मुख्य आधार म्हणजे गजगामिनी नामे व्हॅन. ती मास्तरांचे तीर्थरूप, कैलासवासी थोरले मास्तर, यांनी हिंदुराव उघड्या अंगाने पोरांत खेळत होते त्या काळी खरीदली, आणि पहिल्याच दिवशी हुकूम फर्मावला की, "आत पितळ हाय. दुसऱ्या गिअरच्या वर जायाचं न्हाई. वाद्यास्नी पोचे पडतील." पुढे थोरले मास्तर गेले आणि हुकूम राहिला. वरातीपुढे पहिला गिअर, गावोगाव जाताना दुसरा, आणि त्यावरच्या दोहोंस देवघरातल्या सोवळ्याप्रमाणे कोणी हात लावीना. लग्न उद्या असेल तर फौजेने आजच कूच करावे असा रिवाज पडला, आणि पंचक्रोशीत लोक म्हणू लागले की गजगामिनी नवरदेवाच्या आधी निघते आणि नवरदेवाच्या मागून पोचते. मास्तर हे ऐकून संतोष पावत, कारण घाई हे हलक्या घराण्याचे लक्षण असे त्यांचे मत होते.

ऐसे असता मास्तरांची एकुलती कन्या प्रतीक्षाबाई बारावीची परीक्षा मोठ्या गुणांनी जिंकून आली, आणि घाटाखालच्या शहरातल्या कॉलेजात तिला शास्त्राच्या शाखेत जागा मिळाली. या राज्यातून कॉलेजाचा उंबरा आजवर कोणी ओलांडला नव्हता. मास्तर स्वतः सातवीतून उठून ट्रंपेटास लागलेले, त्यामुळे लेकीची जागा पक्की झाली त्या दिवशी त्यांनी भर दुपारी अंगणात उभे राहून विनामोबदला ट्रंपेट फुंकले, आणि शेजारची म्हैस दावे तोडून गेली. परंतु आनंदास पाय फुटतात तसे झाले. कॉलेज आठ कोसांवर, प्रयोगशाळा सकाळी साडेसातास, आणि फर्मान ऐसे की पहिल्या आठवड्यात जो वेळेवर हजर राहणार नाही त्याची जागा यादीतल्या पुढच्या उमेदवारास द्यावी. वसतिगृह भरलेले. सकाळची प्रवासी मोटार त्या साली बंद झालेली. वडापची जीप भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरते तेव्हा नऊ वाजतात. मग अंगणात दरबार भरला. तुकाआण्णांनी मसलत दिली की पोरीला स्कूटर घ्यावी. राणीसाहेब मालनबाई चुलीपासून उठून आल्या आणि म्हणाल्या, "घाटात, पावसाळ्यात, एकली? आण्णा, तुमची नात धाडा आधी." आण्णांस नेमके हे ऐकू आले नाही. तेव्हा मास्तरांनी मिशीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "आपली गाडी काय मेली हाय का? आता आषाढ लागंल, मग चार महिने लगीन न्हाई, कार्य न्हाई. गजगामिनी पोरीला न्हील." आणि दरबार धन्य धन्य म्हणून उठला.

मग स्वारीची तयारी चालली ती मोठ्या थाटाची. छपरावरचे भोंगे उतरले, दिव्यांच्या माळा उतरल्या, जनरेटर उतरला, आणि तो उतरताना ढोलवाल्यांच्या डोळ्यांस पाणी आले, कारण त्यावर बसून त्यांनी अर्धे आयुष्य काढले होते. बाकांखाली झाडू फिरवला तो सुकलेले हार, खोबऱ्याच्या वाट्या, कोण्या नवरदेवाचा फेटा आणि अक्षतांचे मूठभर तांदूळ, त्यांस कोंब आलेले, असा ऐवज निघाला. त्याउपरी बाबालाल मिस्त्री हत्यारांची पेटी घेऊन दाखल झाले. बाबालाल म्हणजे मास्तरांचे बालमित्र, हाताने सरळ आणि तोंडाने तिखट. त्यांनी इंजिनाचे झाकण काढले आणि हवेची गाळणी झटकली तो आतून गुलाल निघाला, थोडाथोडका नव्हे, घमेलेभर, आणि मिस्त्री नखशिखांत लाल होऊन म्हणाले, "मास्तर, ही गाडी पेट्रोलवर चालती का गुलालावर?" मग ब्रेक नवे घातले, गुळगुळीत झालेले टायर बदलले, रेडिएटरातला गंज वाहून जाईतो पाणी सोडले. काच पुसण्याचे वायपर पाहिले तो कागदात गुंडाळलेले, जसे आले तसे, कारण चातुर्मासात गाडी दारातून हलतच नसे आणि तिने पाऊस असा पाहिलाच नव्हता. शेवटी गिअरची पेटी उघडली. पहिल्या गिअरचे दाते झिजून चोखलेल्या कोयीसारखे झालेले, दुसऱ्याचे त्याहून बरे, आणि तिसरा नि चौथा नवे कोरे, तेलात चमकत बसलेले. बाबालालनी त्यांवरून एक बोट फिरवले. मग म्हणाले, "हिंदू, ह्या वरच्या दोघांनी तुझं काय वाकडं केलंय?" मास्तर उत्तरले, "वरातीत त्यांचं काम न्हाई." "पर पोरीची वरात न्हाई न्यायची. कॉलेजला न्यायचीय." मास्तर म्हणाले, "ते माझ्यावर सोड." आणि बाबालालनी झिजलेले दाते बदलून पेटी बंद केली. कोणी म्हणेल की मिस्त्रींनीच गाडी का हाकू नये, तर गजगामिनीच्या हाकण्याच्या चाकास वायदंड्यांशिवाय हात लागलेला नाही, आणि राजकन्येस परवान्यापुरती अठरा वर्षे पुरी व्हावयास अजून अवकाश होता.

मग आषाढात सोमवारी पहाटे खासा स्वारी निघाली. मास्तरांनी लाल कोट चढवला, मालनबाईंनी गाडीवरून लिंबू उतरून चाकाखाली ठेवले, राजकन्या डबा आणि प्रयोगशाळेचा पांढरा अंगरखा घेऊन शेजारी बसली, आणि गजगामिनी हुंकार देऊन चालती झाली. चालती झाली म्हणजे अक्षरशः चालती झाली. राजकन्येने हळूच म्हटले, "आबा, तिसरा टाका की." मास्तर म्हणाले, "टाकतो," आणि दांड्यास हात लावला, आणि हात तेथेच राहिला. इतक्यात पहिल्या गावचा चौक आला, आणि चौक आला म्हणताच मास्तरांचा पाय आपसूक ब्रेकावर गेला, कारण चौकात वरात थांबते आणि नाच होतो, हे त्या पायास चाळीस वर्षांचे पाठ. गाडीचा आवाज ऐकून बायका दारात आल्या, एक म्हातारी तांब्या घेऊन चाकांवर पाणी घालावयास धावली, आणि नवरदेव कोणाचा म्हणून आत डोकावून पाहू लागली. दुधाच्या किटल्या घेऊन निघालेले दोघे तरणे गडी किटल्या खाली ठेवून गाडीपुढे नाचू लागले, वाद्य नसताना. मास्तरांस रागावता येईना, कारण ती त्यांचीच रयत. पुढच्या गावी तोच प्रकार, त्याच्या पुढच्या गावीही तोच, आणि घाट उतरून स्वारी कॉलेजच्या दारी पोचली तो पहिली प्रयोगशाळा उठून दुसरी बसत होती. तेथील अधिकारी, शांत गृहस्थ, चष्मा पुसत म्हणाले, "बाळ, आज पहिला दिवस म्हणून सोडतो. उद्या वेळेवर आली नाहीस तर माझा नाइलाज आहे. यादीतला पुढचा मुलगा सकाळपासून बाहेर बसला आहे." राजकन्या बरे म्हणाली.

घरी आल्यावर मास्तरांनी कोट खुंटीला लावला आणि जेवणास नको म्हणाले. मालनबाई म्हणाल्या, "मग मध्यरात्रीच निघा की. कॉलेजच्या पायरीवर झोपंल ती." हे त्या रागाने बोलल्या, आणि बोलून झाल्यावर स्वतःच डोळ्याला पदर लावला. मास्तर अंगणात गाडीपाशी जाऊन बसले. राज्यात त्यांचा दरारा मोठा, परंतु त्या सांजेस त्यांस स्वतःची लाज वाटली, आणि लेक मागोमाग आली तेव्हा त्यांनी ती लपवली नाही. म्हणाले, "पोरी, भ्या वाटतंय असं न्हाई. हात म्हणतो टाक, पर पाय ऐकत न्हाई. पाय वरातीचा झालाय माझा. तुझी जागा माझ्या पायापायी जाईल बघ." राजकन्या बापाची लेक, आणि बँडात वाढलेली. तिने बापाच्या पायाकडे पाहिले. आत कोणी तरी ताशा सुकावा म्हणून शेकत ठेवला होता आणि बँडातली पोरे त्यावर सहज टिचक्या मारीत होती, आणि मास्तरांचा पाय, बोलणे दुःखाचे चालले असताही, त्या टिचक्यांस ताल धरून जमिनीवर पडत होता. पोरांनी लय वाढवली, पायाने वाढवली. राजकन्या उठली, कोणास काही न सांगता ताशा आणि काड्या उचलल्या आणि गाडीत आपल्या आसनावर नेऊन ठेवल्या.

दुसरे दिवशी पहाटे बारीक पाऊस होता आणि वायपर आयुष्यात प्रथमच कामास लागले. गाडी वेशीबाहेर पडली तो राजकन्येने ताशा मांडीवर घेतला. मास्तर म्हणाले, "आता हे काय?" ती म्हणाली, "आबा, तुम्ही फकस्त ऐका." आणि तिने साधी लय धरली, मग दीडपट, मग दुप्पट, आणि काय सांगावे, मास्तरांचा पाय त्या लयीमागे आपोआप खाली जाऊ लागला, इंजिन घुमू लागले, आणि लय चुकू नये म्हणून हाताने, धन्यास न विचारता, तिसरा गिअर टाकला. मास्तर ओरडले, "अगं, टाकला की गं मी." राजकन्येने लय आणखी चढवली, आणि पाठोपाठ चौथा पडला, आणि गजगामिनी, जिने जन्मात कधी धूळ मागे टाकली नव्हती, ती रस्त्यावरचे पाणी दोहो बाजूंस उडवीत सुटली. पहिला चौक आला. चौकात ताशा तोडा देतो आणि तोडा पडला की वरात थांबते, हा बँडाचा कायदा. राजकन्येने तोडा दिलाच नाही. मास्तरांचा पाय तोड्याची वाट पाहत राहिला आणि चौक मागे गेला. म्हातारी तांब्या घेऊन दारात आली तो रस्त्यावर कोणी नाही, नुसता ताशाचा आवाज लांब चाललेला. किटलीवाल्यांनी किटल्या खाली ठेवल्या आणि पुन्हा उचलल्या. घाटाच्या वळणांवर राजकन्येने लय उतरवली, पायानेही उतरवली, सरळ रस्ता येताच पुन्हा चढवली, आणि मास्तर अभिमानाने हसू लागले आणि मध्येच, "ताल बरा हाय तुझा, डावा हात जरा कमी पडतो," असा दोषही दाखवू लागले. मग शहर आले, कॉलेजचे दार दिसले, आणि तेव्हा राजकन्येने तोडा दिला, असा नेटका आणि स्वच्छ की कोणत्याही वरातीत ऐकू आला नसेल, आणि गजगामिनी दाराशी उभी राहिली. घंटा व्हावयाची होती. पायरीवर तो यादीतला पुढचा मुलगा दप्तर मांडीवर घेऊन बसला होता, तो उठला, आणि राजकन्येस म्हणाला, "दुसऱ्या कॉलेजात जागा आहे माझी, हे घराजवळ पडते म्हणून थांबलो होतो," आणि निघून गेला. लेकीने ताशा आसनावर ठेवला, पांढरा अंगरखा बाहीत हात घालत घालत चढवला, "येते आबा, साडेचारला," म्हणाली आणि पळाली.

मास्तर हाकण्याच्या चाकावर हात ठेवून तेथेच बसून राहिले. त्यांनी आजवर लोकांच्या किती लेकी वरातीने माहेराहून नेल्या याची गणती त्यांसही नव्हती. सगळ्या पहिल्या गिअरात, रडत, मागे पाहत, आणि त्यांतली एकही, येते म्हणून वेळ सांगून गेली नव्हती. मास्तरांस भरून आले आणि त्यांनी डोळे लाल कोटाच्या बाहीस पुसले. परतीस ताशा वाजवणारे कोणी नसल्याने गाडी दुसऱ्या गिअरात घरी आली, दुपारी. मालनबाई दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "पोचली का?" मास्तर गाडीतून न उतरता म्हणाले, "पोचली. पाणी दे तांब्याभर. परत आणायला जायचंय तिला."

येणेप्रमाणे गजगामिनी कॉलेजास लागली आणि राजकन्येची जागा राहिली. लिहिणाऱ्यापाशी शाई आणखी आहे, परंतु गरज नाही.