मेश्राम मावशीचा स्टीलचा डबा

१४ जून, रविवार. काम: मोरीच्या नळीवर बारीक जाळी बसवणे. देखरेख: मेश्राम मावशी.

आमच्या इमारतीतल्या बायका झुरळ दिसलं की आधी ओरडतात, मग मेश्राम मावशीला फोन लावतात. मावशी मागच्या गल्लीत एका खोलीत राहते. शहराबाहेर वाडीच्या धान्य-गोदामांत तिने तीस वर्षं पोती झाडली; झुरळांशी ओळख तिथलीच. फोन उचलला की 'हॅलो'च्या जागी तिचा प्रश्न असतो, "एकटा आला का बालबच्च्यासंगं?"

बारकी, फिकी झुरळं पिल्लांसकट दिसली, तर ती घरातच मुक्कामाला आहेत. त्यांच्यासाठी ती बोरिक पावडर, कणीक आणि साखरेच्या गोळ्या वळून देते. अंगठ्याएवढं, तांबूस, लांब मिशांचं एकटंच निघालं, तर ते गटारातलं. ते ती वाटीखाली झाकते, पुठ्ठा सरकवून साबणाचं पाणी भरलेल्या आपल्या स्टीलच्या डब्यात टाकते आणि नंतर ते आलं कुठून हे शोधायला टॉर्च घेऊन मोरीत पाटावर बसते. माझ्याकडे एकदा सव्वा तास बसली. मला आंघोळ करायची होती.

"मावशी, चप्पल मारली असती तर आतापर्यंत काम झालं असतं."

"चपलेनं तो मरते वं. रस्ता थोडी बंद होते?"

इमारतीतल्याच धोटेताईंच्या मुलीला बघायला पाहुणे आले, तेव्हाची गोष्ट. पोहे, त्यावर घालायची झणझणीत तर्री, सगळं मांडलेलं, आणि सोफ्याखालून एक भलंमोठं झुरळ ऐटीत बाहेर आलं. मदतीला आलेल्या मावशीने तर्रीची रिकामी वाटी त्याच्यावर पालथी घातली आणि मुलाच्या आईला म्हणाली, "गटारातला आहे, बाई. घर कितीबी चकाचक ठेवा, रस्ता भेटला का येते. तुमच्या इथं नाही येत का?"

त्या बाईने हातातली बशी खाली ठेवली. मग म्हणाली, "येते. बेसिनमधून."

पुढचा अर्धा तास बेसिनवरच बोलणं झालं. लग्न जमलं.

तेव्हापासून मावशीने घरोघरी जाळ्या बसवायला लावल्या. माझंच घर राहिलं होतं. त्या रविवारी तेही झालं. तिने बादलीभर पाणी ओतून पाहिलं, टॉर्च मारला.

"झालं. आता नाही येत."

"पूर्ण इमारतीत कोणाकडेच नाही येत, मावशी."

"मंग चांगलंच आहे," ती म्हणाली, पण उठली नाही. चहा निवून गेला. जरा वेळाने तिने मोबाईल पुढे केला. "प्लंबरचा नंबर टाकून दे वं. मले चष्म्याबिगर दिसत नाही."

मी यादी उघडली. 'धोटे बेसिन.' 'गुप्ता मोरी.' 'फ्रिजवाली', ती मी; माझ्याकडचं पहिलं झुरळ फ्रिजखाली निघालं होतं. दुसरी नावं नव्हतीच. शेवटचा आलेला फोन माझाच होता, तीन आठवड्यांपूर्वीचा.

नंबर टाकला. दारात चपला घालताना ती म्हणाली, "मोबाईल चालूच असते माहा. केव्हाबी."

दुसऱ्या दिवशी सकाळी डबे भरून झाल्यावर मी फोन लावला.

"एकटा आला का बालबच्च्यासंगं?"

"एकटा. मोठा आहे."

"कुठून निघाला?"

हे मी ठरवलंच नव्हतं. "कपाटामागून."

"कपाटामागं तर रस्ताच नाही," मावशी म्हणाली. मग फोनमधून चपला सरकल्याचा आवाज आला. "तरी पाहा लागन. येऊन राहिली. चहा ठेव."

मी दोन कप आधण ठेवलं आणि कपाट हातभर पुढे ओढलं. तिला बसायला पाटही ठेवला.