आमच्या वन्संचा न दिसलेला ग्रह

आमच्या खानावळीत आलेल्या पाहुण्याने माशात काटे आहेत का असं विचारलं, तर उत्तर द्यायला आमच्या वन्संना पुढे करू नये. हे मी अनुभवाने शिकले. मागच्या मे महिन्यात घाटावरचं एक कुटुंब जेवायला आलं होतं. मी आत भाकऱ्या थापत होते म्हणून वन्सं ताटं घेऊन बाहेर गेल्या. त्या बाईंनी मुलापुढच्या तुकडीकडे बोट दाखवून विचारलं, "यात काटे नाहीत ना?" वन्संनी चष्मा कपाळावर चढवला, बशी खिडकीच्या उजेडात धरली, तुकडी उलटून पाहिली आणि शुद्ध मराठीत म्हणाल्या, "नाहीत असं म्हणता येणार नाही. मला दिसले नाहीत. असलाच एखादा, तर तांदळाच्या कणीपेक्षा बारीक असेल."

त्या कुटुंबाने वरणभात मागवला.

बाहेरच्यांना हे चमत्कारिक वाटतं, पण आमच्या घरात ही रोजची बोली झाली आहे. साखर संपली म्हटलं की वन्सं डबा हातात घेऊन आत बघतात आणि मला दुरुस्त करतात, "नाय म्हणू नको गो शुभा. दिसाक नाय म्हण." मग त्या डबा उपडा करून आपटतात आणि खरोखरच चार दाणे खाली पडतात. चार दाण्यांत चहा होत नाही हे त्यांना कोण सांगणार!

वन्सं म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण, कुमुद. सगळी नोकरी पुण्यात एका संशोधन संस्थेत झाली. आता काम घरून चालतं, म्हणून मालवणजवळच्या आमच्या वाडीत, आमच्याच अंगणापलीकडे दोन खोल्या बांधून राहिल्या आहेत. काम काय, तर दूरच्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांचे थेट फोटो तपासायचे. दुर्बीण कुठल्याशा परदेशी डोंगरावर, आणि तिचे फोटो वाडीतल्या नेटवर्कची मर्जी असेल तेव्हा वन्संच्या संगणकावर उतरतात.

वाडीत त्यांना विक्षिप्त म्हणतात. एकदा एका शेजारणीने हे त्यांच्या तोंडावरच म्हटलं. वन्सं रागावल्या नाहीत. "वाडीत घरां सात," त्या म्हणाल्या. "साताभितुर एक येगळा दिसला म्हणान येडा ठरवतास? आधी सातशे घरां बघा, मगे बोला." नणंदेचं कौतुक करायची आपल्यात रीत नाही, पण मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

जेवायला त्या आमच्याकडेच येतात, पण गिऱ्हाइकं उठल्यावर. कोपऱ्यातल्या लहान टेबलावर एकट्या बसतात. किती बोलावलं तरी आमच्या पंगतीला येत नाहीत, "तुमचा चलू दे" म्हणतात. एकदा मी वाढता वाढता विचारलं, "वन्सं, एकट्या ऱ्हवतास, कदी कसातरी वाटना नाय?" त्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली आणि विचार करून सांगितलं, "दिसाक नाय गो. आसलाच तर बारीक."

मी वाटीत आणखी सोलकढी ओतली.

तर गेल्या वर्षी शिमगा होऊन गेल्यावरची गोष्ट. एका सकाळी वन्सं अनवाणीच स्वयंपाकघरात आल्या. चहा मागितला आणि प्यायल्या नाहीत. म्हणाल्या, "शुभा, एक ठिपको आसा."

"ग्रह?" मी ओरडलेच.

"ठिपको."

ठिपका एका ताऱ्याच्या अगदी कुशीत होता. त्या तो ठिपकाच म्हणत राहिल्या, पण संगणकाच्या पडद्यावर तोच फोटो लावून ठेवला होता आणि कुणी आलं की पडदा मिटत होत्या. आता माझ्या पोटात एवढी मोठी बातमी राहणार कशी? मी फक्त मासळीवालीला सांगितलं. ती आचऱ्याच्या बाजारात पोचेपर्यंत त्या ग्रहावर पाणी सापडलं होतं, आणि संध्याकाळी परत वाडीत आली तेव्हा तिथे वस्तीही झाली होती.

दोन दिवसांत तिठ्यावर, तीन रस्ते मिळतात तिथे, बॅनर लागला. लावला आबांनी. आबा गावकर म्हणजे आमच्या देवळातले मानकरी. देवापुढे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा, आणि आवाज असा की देवाला ऐकू आलं नाही असं म्हणायची सोय नाही. बॅनरवर आबांचा चेहरा सुपाएवढा, आणि त्यांच्या कानाशी सुपारीएवढ्या आमच्या वन्सं. खाली अक्षरं, "आकाशात ग्रह शोधणाऱ्या गावच्या कन्येचे हार्दिक अभिनंदन."

वन्सं बघतच राहिल्या. मला वाटलं, आता भडकणार. पण त्यांना हसू फुटलं. "आबा, तुमी माझां सगळां काम एका फलकार दाखवलास!" म्हणत त्या समोरच्या दुकानात गेल्या, तिथून एक सूप मागून आणलं आणि सरळ आबांच्या तोंडावर धरलं. बॅनरवरच्या, अर्थात.

"आता मी दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"आता दिसतास!" एसटीची वाट बघणारे सगळे म्हणाले.

"तारो पण असोच. तेच्या उजेडात बाजूचा कायएक दिसना नाय. म्हणान आधी तारो झाकूचो."

"म्हंजे मी तारो?" आबा खूश झाले.

"ह्या फलकापुरते," वन्सं म्हणाल्या.

मग त्यांनी बॅनरवर उडालेले शाईचे शिंतोडे दाखवले. लांबच्या कोपऱ्यात मोकळी जागा भरपूर. तिथले शिंतोडे बघितले की छापणाऱ्याचं यंत्र किती शिंतोडे उडवतं, केवढे उडवतं, ते कळतं. त्याहून ठसठशीत काही दिसलं तर तो शिंतोडा नव्हे, असं धीटपणे म्हणता येतं. पण आबांच्या चेहऱ्याला लागून जागाच मुळी पाचसहा ठिपके मावतील एवढी. तेवढ्याशा जागेत यंत्राची खोड कशी कळणार? म्हणून तिथे पुरावा जास्त भक्कम मागायचा. "आनि माझो ठिपको," वन्संनी सुपाच्या कडेशी बोट टेकवलं, "तुमच्या कानाक लागान आसा."

"म्हंजे ग्रह नाय?" आबांचा चेहरा उतरला.

"नाय खंय म्हटलंय? ठराक नाय अजून. तवसर फलक उतरवा."

आबांनी तो उतरवला खरा, पण त्यानंतर कितीतरी दिवस आमच्या दारावरून जाताना ते मान फिरवून जात.

खरी परीक्षा पुढेच होती. आम्ही दोघी पडवीत कोकमासाठी रातांबे फोडत बसलो होतो. हात लाल झालेले, म्हणून वन्संचा फोन मी स्पीकरवर लावून दिला. पुण्याहून त्यांचे सहकारी बोलत होते.

"मॅडम, नेहमीच्या कसोटीला ठिपका उतरतोय. जाहीर करून टाकू. पहिलं नाव तुमचं राहील. वर्षभरात तुम्ही निवृत्त होताय, आता कशाला थांबायचं?"

"नेहमीची कसोटी मोकळ्या आकाशासाठी आहे," वन्सं म्हणाल्या. "ताऱ्याच्या इतक्या जवळ ती कडक करावी लागते. कडक केली की हा ठिपका उतरत नाही. पुन्हा फोटो घेऊ."

"दुर्बिणीवर पुन्हा वेळ मिळेलच असं नाही."

"मग तसं लिहू. जाहीर करायचं नाही."

फोन बंद झाला. वन्सं पुढचा रातांबा फोडू लागल्या. मला राग आला, खोटं कशाला बोलू? बाईने जन्मभर दुसऱ्यांचे ठिपके तपासले. आता स्वतःचा एक हाती आला, तर त्यावरही पाणी सोडायला निघाली! "कोण येतलो हो बघूक कसोटी कडक होती की नरम?" मी म्हटलं.

"मी," वन्सं म्हणाल्या. मग रातांब्याची बी काढत, "शुभा, माका तो ग्रह होयो आसा. खूप होयो आसा. म्हणानच माझ्यार इश्वास ठेवची नाय मी."

दुर्बिणीवर वेळ मिळाला. दिवाळीनंतर नवा फोटो आला. त्या दुपारी वन्सं नेहमीच्या टेबलावर येऊन बसल्या. मी ताट ठेवलं आणि तशीच उभी राहिले.

"दिसाक नाय," त्या म्हणाल्या.

या खेपेला "आसलाच तर" पुढे आलं नाही. जुना ठिपका म्हणजे ताऱ्याच्याच उजेडाचा उरलेला शिंतोडा होता. वन्सं ताटातलं सगळं जेवल्या, ताट उचलून ठेवलं आणि घरी गेल्या. संध्याकाळी पुण्याचे ते सहकारी माझ्या फोनवर बोलले, कारण वन्संचा बंद होता. "त्यांना सांगा," ते म्हणाले, "मॅडमनी आम्हा सगळ्यांची लाज राखली." मी हा निरोप वन्संना दिला, मासळीवालीला दिला आणि तिठ्यावरच्या दुकानातही दिला. मला एवढा अभिमान माझ्या लग्नात नवऱ्याचासुद्धा वाटला नव्हता. ग्रह सापडला म्हणून मिरवणारी माणसं पुष्कळ असतील, पण हवा असलेला ग्रह स्वतःच्या हाताने खोडणारी बाई आमच्या घरात आहे. त्या ताऱ्याभोवती अमुक एवढ्यापेक्षा मोठा ग्रह दिसला नाही, असलाच तर त्यापेक्षा लहान, हे आता छापून आलं आहे आणि जगभरचे शास्त्रज्ञ ते वाचतात. म्हणजे आमच्या साखरेच्या डब्याचीच भाषा, फक्त इंग्रजीत.

जत्रेच्या दिवशी सकाळी तिठ्यावर पुन्हा तोच बॅनर दिसला. "ग्रह शोधणाऱ्या" या अक्षरांवर कागद चिकटवून आबांनी लिहिलं होतं, "ग्रह नसल्याचे सांगणाऱ्या". वन्सं तिथल्या तिथे म्हणाल्या, "नसल्याचां मी खंय सांगलंय?" आबांनी कपाळावर हात मारला आणि दुसरा कागद चिकटवला, "ग्रह न दिसल्याचे खरे सांगणाऱ्या". आणि आपल्या स्वतःच्या चेहऱ्यावर त्यांनी सुतळीने सूप बांधलं होतं. कानाशी सुपारीएवढ्या वन्सं चांगल्या स्वच्छ दिसत होत्या.

तिथून सगळे देवळात गेलो. सभामंडप भरला होता. वन्सं दीपमाळेकडे मागे उभ्या राहणार होत्या, मी त्यांना हाताला धरून पुढे नेलं. आबा देवासमोर उभे राहिले.

"बा देवा म्हाराजा! ह्या गावची लेक आज तुझ्यासमोर उबी आसा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

"जा दिसाक नाय, ता दिसाक नाय म्हणान तिना जगाक सांगल्यान म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तिची नजर अशीच साफ ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

वन्सं गप्पच होत्या. पुरावा बघितल्याशिवाय होय म्हणायचं नाही, हा त्यांचा धर्म. आबा क्षणभर थांबले, आणि त्यांचा तो गडगडाटी आवाज खाली आला.

"आनि ती एकटी आसा म्हाराजा. तिका एकटी पडूक दिव नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" देऊळ दणाणलं. आणि त्या एवढ्या कल्लोळात, माझ्या खांद्याशी, एक बारीक आवाज मी ऐकला.

"व्हय म्हाराजा."

वन्संना विचाराल तर त्या म्हणतील, एवढ्या गोंगाटात एका कानाची साक्ष धरता येत नाही. मी धरते. दुपारी घरी आल्याबरोबर मी कोपऱ्यातलं ते टेबल उचलून अंगणात ठेवलं आणि वन्संचं ताट आमच्या पंगतीत, माझ्या शेजारी मांडलं. त्या आल्या, त्यांनी कोपऱ्याकडे बघितलं, मग ताटाकडे बघितलं, आणि माझ्या शेजारी बसल्या.